पहिले सहा आठवडे

अमेरिकेला एमएस करायला निघालेल्या मुलाच्या सामानाची यादी पाहिली तर तिच्यात प्रेशर कुकर असतो, मेतकूट आणि लोणच्याच्या बरण्या असतात, थंडीचं जॅकेट, फॉरेक्स कार्ड, चष्म्याची जादा जोडी असते आणि फोनमध्ये सीनियरांनी पाठवलेली लांबलचक पीडीएफ असते. या तयारीला नावं ठेवायचं कारण नाही, तिचा उपयोग होतोच. पण अभ्यासाची तयारी या यादीत कुठेच नसते, कारण ती झालेली आहे असं घरच्यांनी आणि मुलानंही गृहीत धरलेलं असतं. जीआरई झाली, टोफेल झाली, बीईला डिस्टिंक्शन आहे, म्हणजे अभ्यास तर येतोच. २०२३-२४ या वर्षात अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ३ लाख ३१ हजारांवर गेली आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येत भारताने चीनला मागे टाकलं. त्यांतले जवळपास १ लाख ९७ हजार पदव्युत्तर शिक्षण घेत होते. इतकी मुलं जातात, तेव्हा त्यात अवघड ते काय, असं वाटणं साहजिक आहे. माझं म्हणणं एवढंच की ज्यांचं पहिलं सत्र बिघडतं, त्यांचं ते हुशारी कमी पडली किंवा इंग्रजी कच्चं राहिलं म्हणून क्वचितच बिघडतं. ते बिघडतं वेळेच्या हिशोबात. आपल्या विद्यापीठांनी मुलांना सत्राच्या शेवटी जोर लावायची सवय लावलेली असते आणि तिथे निकाल पहिल्या दीड महिन्यातच ठरायला लागतो. म्हणून जी मदत मागायची, घ्यायची किंवा द्यायची, ती याच सहा आठवड्यांत.

हा फरक आकड्यांत पाहिला की लगेच पटतो. पुणे विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगला लेखी विषयाचं गणित ३० गुणांची इन-सेम आणि ७० गुणांची एंड-सेम असं मुलांच्या अंगवळणी पडलेलं आहे. ७० गुण शेवटच्या एका पेपरात, त्याआधी पीएल म्हणजे तयारीची सुट्टी, आणि पीएलमध्ये मागच्या पाच वर्षांचे पेपर सोडवून विषय ‘काढायची’ कला. एखादा राहिलाच तर केटी लागते आणि पुढच्या वेळी सुटते. अमेरिकेत प्रत्येक प्राध्यापक आपल्या कोर्सची रचना स्वतः ठरवतो, त्यामुळे एकच साचा नाही. तरी नमुन्यादाखल असा कोर्स धरा: आठ होमवर्क मिळून ४० टक्के, सातव्या आठवड्यात मिडटर्म २० टक्के, प्रोजेक्ट २५ आणि फायनल १५. सत्र साधारण पंधरा आठवड्यांचं. सहाव्या आठवड्याअखेर चार होमवर्क जमा झालेले असतात, म्हणजे २० टक्क्यांचा निकाल लागलेला असतो. प्रोजेक्टचा गट आणि विषय पक्का झालेला असतो, आणि मिडटर्म चार-सहा दिवसांवर आलेली असते. या चार होमवर्कना निम्मेच गुण पडले तर एकूणातले १० टक्के गेले, आणि ‘ए’ व ‘बी’ यांच्यातलं अंतर बहुधा तेवढंच असतं. डिसेंबरात कितीही रात्री जागल्या तरी फायनल मुळात १५ टक्क्यांची, ती गेलेले गुण परत आणू शकत नाही. शिवाय पास होण्याची पट्टी वेगळी. बहुतेक विद्यापीठांत पदव्युत्तर विद्यार्थ्याला सरासरी ‘बी’ राखावी लागते, म्हणजे चारपैकी ३.० जीपीए. त्याखाली घसरलात की प्रोबेशनची नोटीस. एका कोर्सात ‘सी’ आला तर सरासरी सावरायला दुसऱ्या कोर्सात ‘ए’ लागतो. ‘पास तर झालो’ हे समाधान तिथे फारसं कामाचं नाही.

परदेशात रुळण्याबद्दल एक समजूत इतकी पसरलेली आहे की ती ओरिएंटेशनच्या स्लाइडवरही दिसते. सुरुवातीचे दिवस नवलाईत जातात, मग उदास वाटायला लागतं, मग हळूहळू घडी बसते. या समजुतीचं मूळ नॉर्वेच्या स्वेरे लिसगार यांच्या १९५५च्या लेखात आहे. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून परतलेल्या २०० नॉर्वेजियनांच्या मुलाखतींवरून त्यांनी तो लिहिला. पुढे त्यावरूनच इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी वक्ररेषा रूढ झाली. पण लिसगार विचारत होते ते परत आलेल्या माणसांना, आणि मागचे दिवस आठवताना सुरुवात गोड वाटणं हा मनुष्यस्वभावच आहे. १९९८ साली कॉलीन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमध्ये शिकायला आलेल्या जपानी विद्यार्थ्यांना पोहोचल्यापासून चोवीस तासांच्या आत गाठलं आणि मग चौथ्या, सहाव्या व बाराव्या महिन्यात पुन्हा तेच प्रश्न विचारले. गट लहानसाच होता, पण उत्तर स्पष्ट होतं: सगळ्यात जास्त त्रास अगदी आल्या आल्या झाला आणि नंतर तो कमी होत गेला. हे खरं धरलं तर नवलाईच्या दिवसांचा भरवसा धरता येत नाही. जेट लॅग उतरलेला नसतो, गादी जमिनीवर असते, बँकेचं खातं, इन्शुरन्स, भाड्याचा करार, मोबाइलचा प्लॅन ही कामं एकाच वेळी अंगावर येतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत पहिल्या होमवर्कची मुदत असते. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर प्रोग्रॅम सुरू होण्याच्या ३० दिवस आधीपर्यंत अमेरिकेत पाऊल ठेवता येतं. तिकीट थोडं महाग पडलं तरी पहिल्या लेक्चरच्या आदल्या दिवशी उतरण्यापेक्षा दोन आठवडे आधी उतरा. घराची आणि कागदपत्रांची कामं सत्राच्या बाहेर ढकलण्याचा तेवढा एकच मार्ग आहे.

आता अभ्यासाकडे. सिलॅबस हा शब्द आपल्या ओळखीचा असल्यामुळे इथे घोळ होतो. आपल्याकडे सिलॅबस म्हणजे युनिट एक ते सहा आणि संदर्भग्रंथांची यादी. तिथला सिलॅबस म्हणजे जवळजवळ करारनामा. कशाला किती टक्के, उशीर झाला तर किती गुण कापणार, सत्रभरात ‘लेट डेज’ किती, सगळ्यात कमी गुणांचा एक होमवर्क सोडून देणार की नाही, तपासलेल्या पेपरबद्दल तक्रार किती दिवसांत करायची, मित्राशी चर्चा कुठवर चालेल, हे सगळं त्यात छापलेलं असतं. आणि ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर त्यानंतर कुणी ऐकून घेत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यातली एक संध्याकाळ यासाठी काढा. सगळ्या कोर्सांचे सिलॅबस समोर घ्या आणि सगळ्या तारखा एकाच कॅलेंडरात भरा. बहुतेकदा ऑक्टोबरातला एक आठवडा असा सापडतो की ज्यात दोन मिडटर्म आणि प्रोजेक्टचं प्रपोजल एकत्र आलेलं असतं. तो सप्टेंबरच्या सुरुवातीलाच दिसणं आणि आदल्या रविवारी दिसणं यांत एका ग्रेडचा फरक पडतो. त्याच कॅलेंडरात विद्यापीठाच्या दोन तारखा घाला. पहिली ‘ॲड-ड्रॉप’ची, जिच्यापर्यंत कोर्स बदलला तर गुणपत्रकावर काही उमटत नाही. दुसरी ‘विथड्रॉ’ची, जिच्यापर्यंत कोर्स सोडला तर ‘डब्ल्यू’ लागतो, पण जीपीएला धक्का लागत नाही. होमवर्कची मुदत बहुधा रात्री ११ वाजून ५९ मिनिटांची असते आणि ती मिनिटासकट पाळली जाते. होमवर्क जमा करायच्या कॅनव्हाससारख्या ऑनलाइन प्रणालीत बारा वाजून एक मिनिटाला केलेलं सबमिशन ‘लेट’ म्हणून दिसतं. तिथे ‘सर, प्लीज’ला जागा नाही.

नाही म्हणायला ‘सर, प्लीज’ची जागा दुसरीकडे आहे, आणि आपली मुलं नेमकी तिथे जात नाहीत. प्रत्येक प्राध्यापक आठवड्यातले ठरावीक तास विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवतो. त्यांना ऑफिस अवर्स म्हणतात. टीएंचे (टीचिंग असिस्टंटचे) तास वेगळे असतात, आणि होमवर्क बहुधा टीएच तपासतात, म्हणून ते जास्त उपयोगाचे. आपल्या कॉलेजात स्टाफ रूमची पायरी चढायची ती सहीसाठी, नाहीतर डिफॉल्टरच्या यादीत नाव लागलं म्हणून. त्यामुळे शिक्षकाकडे स्वतःहून जाणं म्हणजे काहीतरी चुकल्याची कबुली, असं मनात पक्कं बसलेलं असतं. ज्याला समजतं तो मागच्या बाकावर गप्प बसतो आणि ज्याला समजत नाही तो मित्राला विचारतो. तिथे समजणारे विद्यार्थीही ऑफिस अवर्सला जातात, आणि प्राध्यापक त्यांना चेहऱ्याने ओळखू लागतो. पुढे प्रोजेक्ट, रिसर्चचं काम, शिफारसपत्र यांत ही ओळखच कामी येते. तेव्हा दुसऱ्या आठवड्यातच एकदा जाऊन या, अडचण छोटी असली तरी. जाताना ‘मला हे चॅप्टरच समजलं नाही’ असं घेऊन जाऊ नका. त्यावर समोरच्याला काही सांगता येत नाही. सोडवायचा प्रयत्न केलेला कागद न्या, आणि कुठल्या ओळीपाशी अडलं त्यावर बोट ठेवा. दहा मिनिटांत काम होतं.

मेललाही हेच लागू आहे. ‘रिस्पेक्टेड सर, आय होप धिस मेल फाइंड्स यू इन गुड हेल्थ’ इथून सुरू होऊन ‘काइंडली डू द नीडफुल’ला संपणाऱ्या मेलमध्ये मधे प्रश्न कुठे आहे हे शोधावं लागतं. विषयाच्या ओळीत कोर्सचा क्रमांक आणि होमवर्कचा क्रमांक घाला. संबोधन ‘प्रोफेसर’ आणि आडनाव. ‘सर’ म्हणण्याने कुणी रागावत नाही, पण तशी पद्धत नाही. मग तीन ओळी: ‘होमवर्क २, प्रश्न ३. ब भागातली अट वापरली की माझं उत्तर ऋण येतं. क भागातलं गृहीतक इथेही लागू आहे का?’ अशा मेलला उत्तर येण्याची शक्यता किती तरी जास्त. आणि एक गोष्ट जाता जाता: सगळ्या विभागातल्या चाळीस प्राध्यापकांना रिसर्च असिस्टंटशिपसाठी एकच मेल पाठवण्याचा प्रकार बंद करावा. नाव बदलायचं राहून गेलेलं अशा मेलमध्ये हमखास एकदा तरी सापडतं. त्यापेक्षा एका प्राध्यापकाचे दोन पेपर वाचून लिहिलेली एक मेल बरी.

प्रश्न विचारण्याच्या पुढची पायरी म्हणजे मत मांडणं, आणि सेमिनारच्या कोर्सात त्यालाच गुण असतात. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिसंस्थेवरचा आपला निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला. तेव्हा ते तिथे विद्यार्थी होते आणि वय पंचविशीचं. त्या निबंधात सेनार, नेसफिल्ड, रिस्ली या नावाजलेल्या अभ्यासकांच्या व्याख्या एकेक करून तपासलेल्या आहेत. शिवाय श्रीधर व्यंकटेश केतकरांचीही. केतकर म्हणजे पुढे मराठीत ज्ञानकोश आणणारे, तेव्हा कॉर्नेलमध्ये शिकलेले, आणि जातींच्या इतिहासावरचं त्यांचं पुस्तक १९०९मध्ये अमेरिकेतच प्रसिद्ध झालेलं. सेमिनारात विद्यार्थ्याकडून काय अपेक्षित असतं याचा याहून चांगला नमुना नाही. वाचलेलं सगळं सांगून दाखवायचं नसतं. कोण काय म्हणतो, त्यात काय पटतं, काय पटत नाही आणि का, हे सांगायचं असतं. प्राध्यापकाचं मत खोडून काढल्याने गुण कमी होत नाहीत. मुद्दा न मांडल्याने होतात.

आता सगळ्यात महाग पडणारी चूक. आपल्याकडे सबमिशनच्या आठवड्यात एका जर्नलवरून दहा जर्नलं उतरतात. राइट-अप, आकृत्या, कधी कधी रीडिंगसुद्धा. याला कुणी चोरी म्हणत नाही. उलट ज्याचं पूर्ण झालंय त्याने दिलं नाही तर तो आगाऊ ठरतो. हीच सवय घेऊन गेलेल्या मुलाला पहिल्या सत्रात एक दिवस ‘अकॅडमिक इंटेग्रिटी’ कार्यालयाचं पत्र येतं आणि त्याला खरोखरच कळत नाही की आपण केलं काय. तिथल्या नियमांत देणारा आणि घेणारा दोघेही दोषी असतात. प्रोग्रॅमिंगच्या कोर्सांत पकडायचं काम यंत्र करतं. ‘मॉस’ नावाची प्रणाली १९९४पासून वापरात आहे. ती दोन प्रोग्रॅमचे शब्द जुळवत बसत नाही, रचनेचे ठसे जुळवते. म्हणून व्हेरिएबलची नावं बदलली, कमेंट काढून टाकल्या, दोन फंक्शन खाली-वर केली तरी जुळणी दिसायची ती दिसतेच. मागच्या वर्षांची सबमिशनही त्याच ढिगात घालता येतात, तेव्हा सीनियरांच्या ड्राइव्हवरची ‘सोल्युशन्स’ ही भेट समजू नका. निबंधात वेगळा सापळा असतो. दुसऱ्याचं वाक्य घेऊन त्यातले चार शब्द बदलले की ते आपलं होतं, असं आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं. वाक्याचा सांगाडा तोच राहिला तर तीही उचलेगिरीच. उपाय जुना आणि साधा आहे. वाचा, पुस्तक मिटा, काय समजलं ते स्वतःच्या वाक्यात लिहा, मग पुस्तक उघडून पडताळा आणि संदर्भ द्या. चॅटजीपीटीसारख्या साधनांचं तर कोर्सागणिक वेगळं: एका प्राध्यापकाला चालतं, शेजारच्याला अजिबात नाही, तिसऱ्याला कुठे वापरलं ते लिहून हवं असतं. सिलॅबसमध्ये काही लिहिलेलं नसेल तर चालतं असं धरू नका, विचारा. शिक्षा शून्य गुणांपासून निलंबनापर्यंत काहीही असू शकते, आणि परदेशी विद्यार्थ्याला निलंबन म्हणजे व्हिसाचा दर्जाही जाणं. इतक्या मुलांना हे ओरिएंटेशनमध्ये सांगितलेलं असतं, तरी होतं. कारण पुन्हा वेळच. रात्री साडेदहाला सुरू केलेला होमवर्क ११:५९च्या आत स्वतःच्या बळावर पुरा होत नाही, आणि मग शेजारच्या खोलीतला मित्र आठवतो.

इथे कुणी म्हणेल, हे सगळं कर्ज नसलेल्यांसाठी ठीक आहे. घर तारण ठेवून चाळीस लाखांचं कर्ज काढलेल्या मुलाने इंटर्नशिपचे अर्ज करायचे की ऑफिस अवर्सच्या रांगेत बसायचं? हा आक्षेप खरा आहे आणि त्याला सोपं उत्तर नाही, कारण पुढच्या उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपसाठी करिअर फेअर बहुधा सप्टेंबरातच भरतात, म्हणजे याच सहा आठवड्यांत. पण वेळ कमी असेल तर तो कुठून काढायचा याचा तरी नीट विचार व्हावा. बाहेरच्या कंपनीत काम करण्याची ‘सीपीटी’ची परवानगी साधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यावरच मिळते, तेव्हा इंटर्नशिप मेच्या आधी सुरू होणारच नाही. मधल्या दोन सत्रांचा जीपीए मात्र रेझ्युमेवर जाणार आहे, आणि पुष्कळ कंपन्या ३.०ची चाळणी लावतात. करिअर फेअरला जाच, रेझ्युमे जुलैतच तयार करून ठेवा. जे कमी करायचं ते कोर्सांत करा. फॉल सत्रात बहुतेक ठिकाणी ९ क्रेडिट (साधारण तीन कोर्स) म्हणजे पूर्णवेळ शिक्षण. लवकर संपवून फी वाचवावी म्हणून पहिल्याच सत्रात १२ घेणाऱ्यांना मी सरळ सांगेन की घेऊ नका. आणि तीनपैकी एक कोर्स असा निवडा की ज्याचा निम्मा भाग बीईत होऊन गेलेला आहे. कॅम्पसवरच्या नोकरीला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. ती कमाल मर्यादा आहे, उद्दिष्ट नव्हे. पहिल्या सत्रात आठ-दहा तास पुरेत. कॅम्पसबाहेर रोखीने, रेस्टॉरंटच्या मुदपाकखान्यात किंवा पेट्रोल पंपावर केलेलं काम मात्र कितीही जण करत असले तरी करू नका. ते उघडकीला आलं तर चुकवावी लागणारी किंमत दंडावर भागत नाही, पदवीच हातची जाते.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूचा. परदेशात जाऊन पुन्हा चार मराठी मुलांतच राहायचं तर गेलात कशाला, असं ऐकवणारे काका-मामा प्रत्येक घरात असतात. त्यांचं पूर्ण पटत नाही. १९७७ साली स्टीफन बॉक्नर आणि सहकाऱ्यांनी हवाईतल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या मैत्रीचा अभ्यास केला. त्यात दिसलं की विद्यार्थ्यांची मैत्री कामांनुसार तीन वर्तुळांत वाटली गेलेली असते. मनातलं बोलायला आणि आधाराला आपल्याच देशाची माणसं, अभ्यासाच्या व व्यवहाराच्या अडचणींना स्थानिक माणसं, आणि मजेसाठी इतर देशांतून आलेले परदेशी. आपल्या माणसांत राहण्यात कमीपणा काहीच नाही. गणपती बहुतेक वर्षी फॉल सत्राच्या पहिल्या आठवड्यांतच येतात. तेव्हा जवळच्या महाराष्ट्र मंडळात आरतीला जाऊन या, मोदक खाऊन या, रविवारची दुपार त्यात गेली तर बिघडलं नाही. बिघडतं ते दुसऱ्या वर्तुळाचं काम पहिल्याकडून करून घ्यायला गेल्यावर. रूममेट धीर देईल. पण तपासलेल्या पेपरची फेरतपासणी कशी मागायची, किंवा कोर्स सोडला तर व्हिसाचं काय होतं, हे त्याला तुमच्याइतकंच माहीत असतं, आणि तो सांगतो मात्र ठासून. सीनियरांची गोष्ट तीच. घर, किराणा, कुठला कोर्स जड, यांत त्यांच्यासारखा मार्गदर्शक नाही. नियमांचा प्रश्न असेल तर इंटरनॅशनल ऑफिसलाच विचारा, आणि उत्तर मेलवर घ्या. प्रोजेक्टच्या गटात चारही आपलीच मुलं नसतील असं बघा. एवढ्याने दुसरं वर्तुळ सुरू होतं.

सगळं विद्यार्थ्यानेच बदलायचं का, हाही प्रश्न रास्त आहे. परदेशी विद्यार्थ्यांच्या भरभक्कम फीवर अनेक विभाग उभे आहेत, आणि या विद्यार्थ्यांना ओरिएंटेशनच्या दोन दिवसांत साठ स्लाइड दाखवून मोकळं व्हायचं ही पद्धत दोन्ही बाजूंनी वाया जाणारी आहे. जेट लॅगमध्ये ऐकलेलं लक्षात राहत नाही, आणि प्रश्न पडण्याआधी मिळालेलं उत्तर उत्तर वाटतच नाही. तेच सत्र चौथ्या आठवड्यात, पहिला होमवर्क तपासून हातात आल्यावर घेतलं तर लोक कान देऊन ऐकतील. पहिला होमवर्क कमी टक्क्यांचा ठेवून तो भरभर तपासून परत देणं हेही प्राध्यापकांच्या हातात आहे. तिथे टीए म्हणून काम करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनी एवढं जरी विभागात सुचवलं तरी पुढच्या तुकडीला फरक पडेल.

पालकांसाठी थोडं. अमेरिकेत १९७४च्या कायद्याने उच्चशिक्षणातल्या गुणांची माहिती विद्यार्थ्याच्या मालकीची ठरवली आहे. त्याच्या लेखी संमतीशिवाय विद्यापीठ सहसा आई-वडिलांनाही ती देत नाही, मग फी कुणीही भरलेली असो. म्हणजे सांगलीहून फोन करून प्राचार्यांना विचारायची सोय नाही. जे कळायचं ते मुलगा-मुलगी सांगेल तेवढंच कळणार, आणि ‘कसं चाललंय?’ला ‘मस्त’ याखेरीज उत्तर येत नाही. वेळेचं अंतर सप्टेंबरात न्यूयॉर्कशी साडेनऊ तासांचं, कॅलिफोर्नियाशी साडेबारा तासांचं. तुमची सकाळ म्हणजे त्यांची मुदत संपायची रात्र, तेव्हा रोजच्या व्हिडिओ कॉलचा हट्ट या महिन्यांत सोडा. विचारायचंच तर ‘या आठवड्यात काय जमा करायचंय?’ असं विचारा. आवाज उतरलेला वाटला तर विद्यापीठाच्या काउन्सेलिंग सेंटरचं नाव काढा. तिथे जाणं गोपनीय असतं. जिवाला धोका असल्यासारखे अपवाद सोडले तर त्याची खबर प्राध्यापकांकडे किंवा व्हिसाच्या नोंदीत जात नाही. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर ९८८ हा मानसिक आधाराच्या हेल्पलाइनचा क्रमांक अमेरिकेत कुठूनही लागतो.

आणि सहा आठवडे आधीच हातचे गेले असतील तर? मिडटर्ममध्ये ३५ टक्के पडलेत, दुसरा कोर्सही डळमळतोय, अशा अवस्थेत आपला विद्यार्थी करतो ती पहिली गोष्ट म्हणजे कुणालाच न सांगणं आणि दुसरी म्हणजे रात्री एकट्याने लॅपटॉप उघडून कोर्स ड्रॉप करणं. दुसरी जास्त घातक. एफ-वन विद्यार्थी पूर्वपरवानगीशिवाय पूर्णवेळेच्या खाली आला तर त्याचा दर्जा जातो, हेतू कितीही चांगला असला तरी. पण याच नियमांत एक दार ठेवलेलं आहे आणि ते फार थोड्यांना माहीत असतं. कोर्सांचा भार कमी करायला मान्य केलेल्या कारणांत सुरुवातीला इंग्रजीची किंवा वाचनाची अडचण, चुकीच्या पातळीचा कोर्स मिळणं, आणि अमेरिकी अध्यापनपद्धतीची ओळख नसणं ही कारणं नावानिशी आहेत. म्हणजे या लेखात ज्याबद्दल बोलतोय ती अडचण तिथल्या सरकारने कागदावर मान्य केलेली आहे. ही सवलत एका पदवीच्या काळात एकदाच मिळते, ९ क्रेडिट असतील तर साधारण एकच कोर्स सोडता येतो, आणि पुढच्या सत्रात पूर्ण भार घ्यावा लागतो. आजारपणाची तरतूद वेगळी आहे, तिला डॉक्टरांचं पत्र लागतं. क्रम असा ठेवा: आधी प्राध्यापकाला भेटून उरलेल्या टक्क्यांत ‘बी’ गाठता येतो का हे गणित मांडून विचारा. येत नसेल तर विभागाच्या ॲडव्हायजरकडे जा. मग विथड्रॉची तारीख उलटायच्या किमान आठवडाभर आधी इंटरनॅशनल ऑफिसातल्या डीएसओला, म्हणजे व्हिसाच्या नोंदी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला, मेल करा, कोर्स अजून सोडलेला नाही हे त्यात स्पष्ट लिहा, आणि परवानगी सेव्हिस या सरकारी नोंदप्रणालीत नोंदल्याचं उत्तर येईपर्यंत पोर्टलवरच्या ‘ड्रॉप’ला हात लावू नका.